गुलाबाला खत आणि पाणी: छाटणीपासून फुलापर्यंत

गुलाबाला फुलं येत नाहीत म्हटलं की आपण आधी खत घालतो. बहुतेकदा चूक पाण्यात असते.

कुंडीत बोट दोन इंच खुपसून बघा. माती कोरडी लागली तरच पाणी द्या, पण मग तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. रोज कपभर शिंपडल्याने मुळं वरच्या थरातच राहतात आणि मे महिन्याच्या उन्हात करपतात. बारा इंची कुंडीला हिवाळ्यात साधारण एक दिवसाआड पाणी लागतं, कडक उन्हाळ्यात रोज, कधी दोनदाही. पाणी सकाळी, बुंध्याशी घाला. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके पडतात आणि पानगळ होते. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.

खताचा मुख्य हप्ता छाटणीबरोबर. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी करतात. त्यानंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुलं येतात. छाटणीनंतर वरची माती हलकी उकरून कुंडीमागे दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. शेणखत कच्चं असेल तर उष्णतेने मुळं भाजतात, हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते. हाडांचा चुरा सगळे सुचवतात, पण चुनखडीच्या काळ्या मातीत तो फारसा विरघळत नाही. तिथे त्यावर पैसे घालवू नका.

नवे फुटवे बोटभर झाले की शेंगदाणा पेंडीचं पाणी सुरू करा. १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवा (वास येणारच, झाकण ठेवा), गाळून दहापट पाणी घाला आणि पंधरा दिवसांनी एकदा कुंडीला लिटरभर द्या. कोरड्या मातीत कुठलंही खत घालू नका. आदल्या दिवशी पाणी द्यायचं. कळ्या हरभऱ्याएवढ्या दिसल्या की पेंड थांबवून ०:०:५० हे पोटॅशचं खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात एकदा मुळाशी द्या.

झाड हिरवंगार, लुसलुशीत, पण कळी नाही? ऊन रोज पाच-सहा तास मिळत असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. अशा कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) हमखास बसतो. नत्राचं खत, म्हणजे युरिया, घालत असाल तर बंद करा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय: चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम, उन्हं उतरल्यावर फवारा. माती सतत ओली असेल तर मात्र आधी निचरा सुधारा; मुळं गुदमरली तरी पानं अशीच पिवळी पडतात.