चर्चची चावी एकाच्याच खिशात? मंडळीत सेवा करताना या चुका टाळा

आमच्या मिरजेकडच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, एक काका आहेत. चर्चची चावी त्यांच्या खिशात, माइकच्या कपाटाची चावी त्यांच्याच खिशात, प्रभूभोजनाचे पेले कुठल्या कप्प्यात आहेत ते फक्त त्यांना माहीत आणि नाताळच्या स्टारची वायर कुठून ओढायची तेही त्यांनाच. एकदा ते पुतणीच्या लग्नाला कराडला गेले आणि चावी खिशातच राहिली. रविवारी साडेआठला अख्खी मंडळी कुलपासमोर उभी, पाळकसाहेबांनी पायरीवरच स्तोत्र वाचलं, आणि लोक काय म्हणाले माहितीये? बघा, काकांशिवाय पान हलत नाही. कौतुकानं म्हणाले! मलापण तेव्हा कौतुकच वाटलेलं. पुढं मी स्वतः कमिटीवर गेलो, स्वतःच्या खिशात चार चाव्या जमा केल्या, मग कळायला लागलं की दुखणं तिथंच होतं.

सगळं मीच करतो, म्हणजे मी सेवक

ही चूक चांगल्या माणसांच्या हातून होते म्हणून ती लवकर दिसत नाही. हुकूम सोडणारा मंडळीचा वडील, म्हणजे एल्डर, लगेच ओळखू येतो, पण जो पहाटे येऊन झाडू मारतो, सतरंज्या घालतो, रात्री शेवटी जातो आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, त्याला कोण बोलणार. मंडळी मात्र दोघांच्याही हाताखाली सारखीच लुळी पडते. बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला असतो आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन त्याला सरळ सांगतो की हे तू करतोयस ते बरं नाही, तू थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम म्हणतो. मोशेनं सासऱ्याचं ऐकलं, आपण कमिटीतल्या कुणाचं ऐकत नाही.

उपाय साधा आहे पण जिवावर येतो. प्रत्येक कामाला दोन माणसं, त्यातलं एक पंचविशीच्या आतलं. आणि शिकवताना आपले हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. पोरानं एम्प्लिफायर लावला आणि शिट्टी वाजली तर वाजू दे, दोन मिनिटं लोक कान धरतील, काही बिघडत नाही. आपण धावत जाऊन बटण फिरवलं की पोरगं पुढच्या रविवारी येणार नाही, हे मी दोनदा करून बघितलंय.

खुर्ची

मानाच्या जागेच्या हव्यासावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूकडं उजवी-डावी जागा मागायला गेले तेव्हा बाकीचे दहा शिष्य चिडले, आणि मला कायम वाटतं की त्यांनाही त्याच जागा हव्या होत्या म्हणून चिडले. तिथंच येशू सांगतो की ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. आपल्याकडं गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाय धुण्याचा भाग वाचतात, काही ठिकाणी टॉवेल घेऊन पायही धुतात, आणि नाताळच्या प्रोग्रामला मात्र शाल-श्रीफळातच पाऊण तास जातो. ओळखायची खूण एकच, प्रोग्राम संपल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या कोण गोळा करतंय ते बघा. दरवर्षी तीच चार पोरं आणि महिला मंडळाच्या बायका असतील तर काहीतरी चुकतंय. फिबी नावाच्या बाईची प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मंडळीची सेविका म्हणून शिफारस केली, तिला नुसता चहा करायला नव्हतं पाठवलं.

तक्रार करणाऱ्याला गप्प बसवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीमुळं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत इर्विन पुलापाशी कृष्णा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली, घराघरात पाणी, तेव्हा आमच्या मंडळीनंही तांदूळ, डाळ, तेलाची किट वाटली. वाटली म्हणजे काय, ज्यांचे फोन नंबर आमच्याकडं होते त्यांना गेली. एक विधवा बाई, उपासनेत शेवटच्या बाकावर बसणारी, तिला मिळालं नाही, आणि तिनं मीटिंगमध्ये ते उभं राहून सांगितलं. आम्ही काय केलं? कुरकुर करू नका, प्रभूचं काम आहे, असं बोलून बसवलं. बसवणाऱ्यांत मीपण होतो.

आता प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमच्या मंडळीत हुबेहूब हेच भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, त्यावरून कुरकुर सुरू झाली, आणि प्रेषितांनी गप्प बसा म्हटलं नाही, सगळ्या मंडळीला बोलावून सात चांगली माणसं निवडायला सांगितलं. गंमत बघा, त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, स्तेफन, फिलिप्प वगैरे. म्हणजे ज्या गटावर अन्याय झाला त्याच गटातल्या माणसांच्या हातात बहुतेक वाटपाचं काम दिलं असणार. आपण काय करतो, तक्रार आली की चौकशी कमिटी नेमतो आणि तिच्यात किट वाटणारेच बसवतो. त्या बाईला आम्ही पुढच्या यादीच्या कामात घ्यायला पाहिजे होतं, कारण शेवटच्या बाकावर कोण कोण बसतं ते तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती नंतर यायची बंद झाली.

तक्रार करणाऱ्यांसाठीपण एक गोष्ट आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय, आधी एकट्यानं जाऊन त्या माणसाशी बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपला क्रम उलटा, आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग पाहुण्यारावळ्यांत, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याकडून.

नाव रजिस्टरात, माणूस घरात

सभासद कशासाठी, असं विचारलं तर खरं उत्तर लग्न आणि मयत. दफनभूमीत जागा मिळावी म्हणून वर्षाची वर्गणी मार्चमध्ये एकरकमी भरणारे आमच्याकडं आहेत, तुमच्याकडंही असतील. याचं मूळ थोडं जुनं आहे असं मला वाटतं. परदेशी मिशनच्या डॉ. वानलेसनी मिरजेत दवाखान्याचं काम १८९४ मध्ये सुरू केलं, मिशननं आपल्या भागात शाळा, बोर्डिंग उभी केली, आपले आजोबा-पणजोबा त्यातच वाढले, त्याचे उपकार आहेतच, पण छप्पर गळलं तरी मिशन बघेल ही सवय पण तिथलीच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडून बसले, त्यांना तेव्हाच ही सवय खटकत असणार. १९७० मध्ये वेगवेगळ्या चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, मिशनरी गेले, सवय राहिली.

पण न येणारा प्रत्येक जण आळशी नसतो हेपण लक्षात घ्या. आपल्यातल्या किती बहिणी नर्स आहेत, नाईट ड्युटी करून सकाळी आठला सुटतात, त्यांना रविवारी का दिसला नाहीत म्हणून टोमणा मारायचा? ऊसतोडीच्या सीझनला ट्रॅक्टरवर असणाऱ्याचं काय? अशांना बुधवारची घरगुती प्रार्थना किंवा आजाऱ्यांच्या भेटीचं एखादं घर द्या, ठरवून, नाव लिहून. सगळ्यांनी हातभार लावा असं पुलपिटवरून म्हटलं की कुणीच लावत नाही. अमुकतमुक ताई, या महिन्यात दोन घरं तुमची, असं म्हटलं की होतं.

अर्पणाची थैली

एकट्यानं मोजू नका, कितीही विश्वासू असा. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा करत होता तेव्हा कुणी बोट ठेवू नये म्हणून त्यानं ते न्यायला बरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस घेतला, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. दोघांनी मोजा, दोघांनी सही करा, आकडा बोर्डावर लावा. खजिनदाराला राग आला तर त्याला हाच अध्याय वाचायला द्या.

आणि काकांचं झालं असं की शेवटी कमिटीनं ठराव करून चाव्यांचे दोन जोड बनवून घेतले, एक संडे स्कूलच्या टीचरकडं, एक तरुण संघाकडं. काकांनी जुनी चावी टेबलावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मी पावणेआठला गेलो तर ते गेटबाहेर कट्ट्यावर बसलेले, आत पोरं सतरंजी उलटी घालत होती, काकांना खिडकीतून दिसत होतं, आणि ते उठत नव्हते. मीपण जाऊन शेजारी बसलो.