टीएनटी आणि शैवाल: विषारीपणा तपासताना या चुका टाळा

पाण्यात टीएनटी हे स्फोटक मिसळायचं, शैवाल सोडायचं, 72 तासांनी वाढ मोजायची. चाचणी कागदावर इतकी सोपी दिसते. पण शैवालाला उजेड लागतो आणि टीएनटी उजेडात टिकत नाही. पाणी गुलाबी-तांबूस होऊ लागतं, ट्रायनायट्रोबेंझीनसारखी नवी संयुगं तयार होतात आणि तीही विषारीच. त्यात शैवाल स्वतः टीएनटीचं रूपांतर अमिनो संयुगांत करतं. म्हणजे लेबलवर लिहिलेली मात्रा तिसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये असेलच असं नाही. ती सुरुवातीला आणि शेवटी प्रत्यक्ष मोजा. शैवाल न घातलेला एक फ्लास्क त्याच दिव्याखाली ठेवा, म्हणजे उजेडाने किती घटलं आणि शैवालाने किती, हे वेगळं काढता येईल. लेबलवरची आणि मोजलेली मात्रा यांत 20 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर निकाल मोजलेल्या मात्रेवरच काढा.

हाच रंग मोजणीतही घोळ घालतो. फक्त प्रकाश-शोषणावर विसंबलात तर पाण्याचा रंग पेशींच्या खाती जमा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणं कंटाळवाणं आहे, पण इथे तेच भरवशाचं. शिवाय रंगीत पाणी उजेड अडवतं. वाढ विषामुळे खुंटली की सावलीमुळे, हेही तपासायला हवं.

विद्राव्यतेकडे तर सर्रास दुर्लक्ष होतं. टीएनटी लिटरमागे साधारण 100 मिलिग्रॅम विरघळतं, आरडीएक्स हे दुसरं स्फोटक त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि एचएमएक्स हे तिसरं जेमतेम 5. त्यापुढची मात्रा म्हणजे तळाशी बसलेले स्फटिक. मर्यादेपर्यंत परिणाम दिसला नाही तर तसंच लिहा. ‘निरुपद्रवी’ हा शब्द नको. विरघळवायला ॲसिटोन वापरलं तर लिटरला 0.1 मिलिलिटरच्या आत ठेवा आणि फक्त ॲसिटोन घातलेला नियंत्रण फ्लास्क विसरू नका.

स्फोटकांच्या कारखान्याच्या सांडपाण्यात लेम्ना ही पाण्यावर तरंगणारी चिमुकली वनस्पती कधी जास्तच हिरवीगार दिसते. सांडपाण्यातल्या नायट्रेटचं खत मिळाल्यावर दिसणारच! पानं मोजून थांबू नका. त्यांचा आकार, पिवळेपणा, मुळांची लांबीही नोंदवा.

आणि पाण्यातून टीएनटी नाहीसं झालं म्हणून पाणवनस्पतीने ते संपवलं, असं धरू नका. त्याचे अवशेष ऊतींत घट्ट बांधलेले असू शकतात. वनस्पती कुजल्यावर त्यांचं काय होतं, याची तपासणी वेगळी करावी लागते.