राजकन्येच्या हातात तलवार देऊन भागत नाही

गणपतीत सोसायटीच्या मुलांचं नाटक म्हटलं की सिंड्रेला नाहीतर हिमगौरी ठरलेली, आणि हल्ली कोणीतरी म्हणतंच की जरा फेमिनिस्ट करूया ना. मग राजकन्येला जीन्स घालायची, हातात तलवार द्यायची, ती राक्षसाला मारते, टाळ्या. बाकी गोष्ट होती तश्शीच. असं करू नका.

आधी जुनी रूपं वाचा, नुसता पिक्चर बघून लिहायला बसू नका. लाल टोपीवालीचंच घ्या, फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लांडगा तिला खातो, संपलं, वर मुलींनाच उपदेश. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात शिकारी येऊन तिला वाचवतो. आणि फ्रान्समधल्या खेड्यांत तोंडी चालत आलेल्या एका रूपात ती पोरगी म्हणते मला बाहेर जायचंय, लांडगा दोरी बांधून सोडतो, ही दोरी झाडाला बांधते आणि पसार! म्हणजे हुशार मुलगी तुम्हाला नव्याने आणायची गरजच नाही, ती होतीच. ग्रिम बंधूंच्याच हिमगौरीची दुष्ट राणीसुद्धा १८१२ मध्ये सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत सावत्र झाली. त्यांनी बदललं तर आपण का नाही?

मग एक कागद घ्या आणि गोष्टीतलं कुठलं काम कोण करतं, ठरवतं कोण, वाट कोण बघतं ते लिहून काढा. आपल्या चिऊकाऊवर करून बघा, मजा येते. काऊ पावसात दार वाजवतोय आणि चिऊ म्हणते थांब बाळाला न्हाऊ घालते, थांब तीट लावते. चिमणा कुठाय पण? बाळाची अंघोळ त्याच्याकडे द्या, लगेच घोळ होतो, कारण चिऊकडे आता सबब उरत नाही. तिला दारात जाऊन सरळ सांगावं लागतं, आत घेते किंवा घेत नाही, आणि का. खरा सीन इथे सुरू होतो, यावर वेळ घालवा.

सिंड्रेला मुंबईत आणायची तर चाळीत आणा. बारा वाजता ती पळते कारण शेवटची लोकल आहे आणि पहाटे पाणी भरायचंय. सावत्र आईला नुसती खाष्ट ठेवू नका, तिला कारण द्या, खोली नवऱ्याच्या नावावर होती, तो गेला, उद्या ही पोरगी हक्क सांगेल ही भीती. आता ती वाईट वागली तरी पटते. राजपुत्राला मात्र गाढव करू नका, सोपा विनोद आहे तो (तसं रात्रभर नाचून चेहरा लक्षात नाही, चपलेचं माप घेत फिरतो, हे मुळातच भारी आहे). सिंड्रेलाच चप्पल मागायला जाऊ दे, लग्नाचं पुढचं पुढे.

संवादात "स्त्रीशक्ती" वगैरे शब्द आले की खोडा. लांडग्याच्या रोलसाठी मुलींनाही विचारा, गुरगुरायला सगळ्यांनाच आवडतं.

आणि तालमीला वेळच नसेल तर सरळ चल रे भोपळ्या घ्या. म्हातारी एकटी लेकीकडे निघते, वाघाला कोल्ह्याला गुंडाळते, वाचवायला कोणी येत नाही. तिच्यात काही बदलू नका, फक्त भोपळा मोठा बनवा, नाहीतर पोरगी आत मावत नाही.