मराठी मुद्रणाच्या इतिहासावर संशोधन करताना

ग्रंथ आणि प्रकाशनव्यवहार यांच्या इतिहासात पदव्युत्तर अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा आधी विचारतात, ही पदवी मिळते कुठे? लंडन विद्यापीठात या विषयाचा एम.ए. आहे आणि कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातही यावर भरीव काम झाले आहे. मात्र मराठी मुद्रणावर काम करणाऱ्याला बहुतेक वेळा इतिहास किंवा मराठी विभागातच नाव नोंदवावे लागते. मी इतिहास विभाग निवडला आणि त्याने काही अडले नाही. पदवीच्या नावापेक्षा आपल्याला लागणारी साधने कोणत्या शहरात आहेत आणि मार्गदर्शकाचा त्या साधनांशी प्रत्यक्ष परिचय आहे का, हे आधी पाहावे.

मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर सर्वांत मोठा आधार १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याचा आहे. छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारकडे देणे या कायद्याने बंधनकारक झाले आणि त्यांवरून दर तिमाहीला याद्या निघू लागल्या. शीर्षक, भाषा, लेखक, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आकार, किंमत, छापलेल्या प्रतींची संख्या, पुस्तक खिळ्यांवर (धातूच्या सुट्या अक्षरांवर) छापले की शिळाप्रेसवर (दगडावर उमटवलेल्या हस्ताक्षरावरून), इतका तपशील त्यांत सापडतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत या याद्यांचा मोठा संग्रह आहे. त्या वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कायद्यात प्रती जतन करण्याचा हेतू नमूद असला, तरी देशी भाषांत काय छापले जाते यावर नजर ठेवण्याची सोयही सरकारला त्यातून मिळाली होती. दुसरे असे की प्रतींचा आकडा छापखान्याकडून आलेला असे, आणि छापलेली प्रत विकली गेलीच असे मुळीच नाही. एवढ्या आकड्यावरून ‘लोकप्रियता’ सिद्ध करणारे प्रबंध मला कधीच पटले नाहीत.

म्हणून यादीनंतर प्रत्यक्ष प्रतीकडे जावे. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची शेजारी ठेवून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर किंवा एशियाटिक सोसायटी येथे एकाच पुस्तकाच्या जितक्या प्रती मिळतील तितक्या पाहाव्यात. संगणकावरच्या प्रतिमांनी वाचनाची सोय झाली आहे, पण कागदाची जात, फर्म्यांची (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची) रचना आणि शिवण त्यांतून कळत नाही. शिवाय जुन्या बांधणीकारांनी कागदी मुखपृष्ठे बहुधा काढून टाकली, आणि किंमत, विक्रीची ठिकाणे व त्याच छापखान्याच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती नेमक्या तिथेच असत. एखाद्या प्रतीत आश्रयदात्यांची यादी शाबूत असेल, तर ती आधी उतरवून घ्यावी: पुस्तकाला पैसा कुठून आला हे सांगणारा इतका थेट पुरावा क्वचितच हाती येतो.

छपाईचे तंत्र समजल्याशिवाय मात्र यातले बरेचसे मुके राहते. जोडाक्षरे आणि मात्रा यांमुळे देवनागरीच्या एका संचाला शेकडो खिळे लागत, ते पाडून घ्यायला भांडवल लागे आणि जुळणीला कसबी जुळारी लागे. उलट शिळाछापाला सुवाच्य हस्ताक्षराचा लेखनिक पुरे होई, आणि पोथीचे रूपही जसेच्या तसे राखता येई. आरंभीच्या मराठी मुद्रकांपैकी गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापापासून सुरुवात का केली आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात टाइपाच्या घडणीला एवढे महत्त्व का होते, हे त्यावरून उलगडते. शक्य असल्यास चालू असलेल्या एखाद्या जुन्या छापखान्यात काही दिवस खिळे जुळवून पाहावेत. कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा मला त्याचा उपयोग अधिक झाला.

भाषांची तयारी विषयानुसार बदलते. छापखान्यांचे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहायचे तर मोडी हवीच. गोव्यावर काम करायचे तर पोर्तुगीजही हवी, आणि पुराव्याच्या अभावाशी झुंजण्याची तयारीही: जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, पण सतराव्या शतकातील त्याच्या एकाही छापील प्रतीचा ठावठिकाणा लागलेला नाही, त्यामुळे तिथे हस्तलिखितांवरच भिस्त ठेवावी लागते.

प्रवेशासाठीच्या आराखड्यात ‘मराठी मुद्रणाचा विकास’ असला अफाट विषय देऊ नये. एक छापखाना, एक दशक आणि एक ग्रंथप्रकार, उदाहरणार्थ पंचांगे किंवा शालेय पुस्तके, एवढे पुरेसे आहे. नोकरीच्या दृष्टीने प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, पण ग्रंथालये, अभिलेखागारे, डिजिटायझेशनचे प्रकल्प आणि प्रकाशनसंस्थांतील संपादन विभाग येथे हे कौशल्य उपयोगी पडते. म्हणून संशोधन चालू असतानाच एखाद्या संग्रहाची वर्णनात्मक सूची करण्याचे काम अंगावर घ्यावे, मानधन तुटपुंजे असले तरी.