नदीकाठच्या पार्कात पोरांना घेऊन जाताय? चटई टाकायच्या आधी हे वाचा

नदीकाठच्या पार्कात पोचलो की आपण सगळे एकच गडबड करतो, पहिली सावली दिसली की चटई अंथरून मोकळे, आणि मग दिवसभर "अरे तिकडे जाऊ नकोस, अगं मागे ये" चालू. त्यापेक्षा सामान हातातच ठेवा आणि आधी ५ मिनिटं काठाने एक चक्कर मारा.

बघायचं काय तर नदीचं वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार जोरात असते, ती काठ आतून पोखरते, त्यामुळे वरून गवत मस्त पक्कं दिसतं पण खाली माती उरलेली नसते आणि लगेच पाणी खोल. आतल्या बाजूला धार मंदावते आणि वाळू-गोटे टाकत जाते, तिथे उथळ असतं. बसायचं ते आतल्या बाजूला, पाण्यापासून बऱ्यापैकी वर.

पण उथळ दिसतंय म्हणून पोरांना सोडून देऊ नका हं. पाण्यात प्रकाश वाकतो म्हणून वरून बघितलं तर खोली साधारण पाऊणच दिसते, म्हणजे ३ फूट वाटलं तर असतं ४ फूट. आणि पाणी जोरात वाहत असेल तर नुसत्या १५ सेंटिमीटरमध्येही मोठ्या माणसाचे पाय सुटू शकतात.

धार किती आहे ते कळायला एक सोपी आयडिया, काठावर १० पावलं मोजा, वरच्या टोकाला मोठ्या माणसानेच एक सुकं पान टाकायचं आणि पोरांनी काठावरून पानाबरोबर चालायचं. चालता चालता पान पुढे गेलं की त्या दिवशी पाण्यात पाय घालणं कॅन्सल, हा आमच्या घरचा नियम आहे आणि पोरं स्वतःच तो पाळतात कारण पान त्यांनीच बघितलेलं असतं.

वरच्या अंगाला धरण असेल तर आभाळ कोरडं असूनही पाणी वाढू शकतं. म्हणून पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. काटकी बुडायला लागली, पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला की चटई गेली खड्ड्यात, पोरांना उचला आणि वर चढा.

अजून एक, बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. त्यामुळे २०-२० मिनिटांची पाळी लावा, ज्याची पाळी त्याचा मोबाईल खिशात. "आहेत ना सगळे" म्हणता म्हणता कोणीच बघत नसतं.

आता मजेचा भाग. शक्यतो सकाळी जा, पक्षी जास्त दिसतात. खंड्या एकदा एखाद्या फांदीवर दिसला की तिथेच गप बसून राहा, सूर मारून तो बरेचदा त्याच फांदीवर परत येतो. पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसेल, त्याची पिसं भिजतात म्हणून त्याला खोल बुडी मारणं सोपं जातं पण नंतर वाळवत बसावं लागतं (आमचं धाकटं म्हणालं, यानं कपडे वाळत घातलेत). काठच्या गवताच्या काड्यांवर कधीकधी किड्याच्या आकाराची पोकळ सालं चिकटलेली असतात, ती चतुराची. त्याची पिल्लं पाण्यात वाढतात आणि मोठं व्हायच्या वेळी काडीवर चढून कात टाकतात. हे एक साल सापडलं की पोरं तासभर दुसरं काही मागत नाहीत, गॅरंटी! दगड उलटून बघायला हरकत नाही, फक्त होता तसाच परत ठेवायचा, खाली कुणाचं तरी घर असतं. आणि बदकांना पाव घालू नका, त्यांचं नुसतं पोट भरतं, पोषण काही मिळत नाही, उरलेला पाव पाण्यात सडतो.

पायाला जखम असेल तर नदीच्या पाण्यात उतरूच नका, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा ताप) जंतू जखमेतून सहज आत शिरतात, डोळे-नाक-तोंडातूनही शिरू शकतात. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवा. बाकी अंधार पडायच्या आत, डास यायच्या आधी निघा, आणि निघताना चपला मोजा, एक तरी वाळूत राहतेच.