युगांडाच्या खेड्यात मंडळी आणि आरोग्यकार्य: सुरुवात कशी करावी

युगांडाच्या ग्रामीण भागात मंडळी-स्थापना (म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा नवा स्थानिक समुदाय उभा करणे) आणि सामुदायिक आरोग्य ही दोन्ही कामे एकत्र करू इच्छिणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम ठरवून घ्यावा: उपचारासाठी कोणालाही प्रार्थनेला बसावे लागणार नाही. सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगायला संकोच नको, पण आजारी लेकराच्या आईला ती ऐकण्यावाचून पर्यायच नसेल, तर ती जबरदस्तीच ठरते.

परवानग्या आधी मिळवाव्यात. संस्थेची नोंदणी आणि परदेशी डॉक्टर-परिचारिकांना तिथल्या वैद्यकीय व परिचर्या परिषदांची मान्यता आवश्यक आहे. त्यानंतर गावच्या स्थानिक परिषदेच्या, म्हणजे ‘एल-सी वन’च्या, अध्यक्षांना भेटावे. सरकारने 2001 पासून गावोगावी ‘व्ही-एच-टी’ हे आरोग्य स्वयंसेवक नेमण्यास सुरुवात केली. त्यांना डावलून आपले वेगळे स्वयंसेवक उभे केले, तर आपण परतल्यावर काम बंद पडते.

पहिले काही महिने ऐकण्यात घालवावेत आणि कामांचा क्रम गावाच्या समितीने ठरवावा. समितीत ख्रिस्ती नसलेलेही असावेत, आणि बायका नावापुरत्या नसाव्यात. महाराष्ट्रातील वाचकांना हे नवे नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच, बहुतेक निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आफ्रिकेत जाताना औषधांच्या खोक्यांपेक्षा हा अनुभव सोबत नेणे अधिक उपयोगाचे आहे.

सुरुवात फुकट वस्तूंच्या वाटपाने करू नये. शौचालयाजवळ हात धुण्याची सोय हे चांगले पहिले काम आहे. पाच लिटरच्या जेरीकॅनला झाकणाजवळ छोटे भोक पाडून तो दोन खांबांवरच्या आडव्या काठीला टांगावा, त्याच्या तोंडाला बांधलेली दोरी खाली पायाने दाबायच्या काठीला जोडावी आणि शेजारी साबण लटकवावा. पाय दाबला की कॅन कलतो, पाण्याची धार पडते आणि नळाला हात लावावा लागत नाही. हे काम घरच्यांनीच करावे. आपण फक्त पहिला नमुना उभारून दाखवावा.

मलेरियाबाबत मात्र ढिलाई नको. ताप आलेल्या मुलाची तपासणी त्याच दिवशी व्हावी. झटके येत असतील, मूल गुंगीत असेल किंवा पिऊ शकत नसेल, तर प्रार्थना वाटेत करावी, पण मुलाला ताबडतोब आरोग्यकेंद्रात न्यावे. प्रार्थनेने बरे वाटले म्हणून गोळ्या सोडा, असे कोणत्याही पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) सांगता कामा नये. एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या रुग्णांसाठी हा सल्ला जीवघेणा ठरतो.

मंडळीविषयी एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. युगांडात अँग्लिकन मिशनरी 1877 मध्ये आणि कॅथलिक मिशनरी 1879 मध्ये पोहोचले, त्यामुळे बऱ्याच गावांत चर्च आधीपासून आहे. तिथली माणसे आपल्याकडे ओढणे म्हणजे मंडळी-स्थापना नव्हे. अशा ठिकाणी त्या चर्चच्या पाळकाला आरोग्यकार्यात सोबत घ्यावे. जिथे खरोखरच मंडळी नाही, तिथे स्वेच्छेने जमणाऱ्यांचा बायबल-अभ्यास एखाद्याच्या अंगणात, त्यांच्याच भाषेत सुरू करावा. पुढारीही त्यांच्यातूनच निवडले जावेत. इमारतीची घाई करू नये, कारण परदेशी पैशांतून बांधलेल्या छपराची दुरुस्ती करायला पुढे कोणी धजत नाही.

दोन्ही कामांची खाती पहिल्यापासून वेगळी ठेवावीत, औषधसाठ्याची वही समितीकडे असावी आणि कोण प्रार्थनासभेला येतो, याची नोंद त्या वहीत कधीही होऊ देऊ नये.