घरात कुणाला विमान उडवायचा नाद लागला तर हिशोब कसा मांडायचा

आधी एक क्लिअर करते, हे चार्टर जेटवाल्या लोकांबद्दल नाहीये. हे हिंजवडी नाहीतर खराडीत नोकरी करणाऱ्या, होम लोनचा हप्ता भरणाऱ्या माणसांबद्दल आहे, जी चाळिशीच्या आसपास एक दिवस जेवताना जाहीर करतात की मला पीपीएल काढायचंय. पीपीएल म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स, त्यावर भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही, म्हणजे खर्चच खर्च, कमाई शून्य. आमच्याकडे हे नवऱ्याने जाहीर केलं, तुमच्याकडे बायको करेल नाहीतर धाकटा भाऊ, हिशोब तोच. मी दिवसभर दुसऱ्यांची अकाउंट्स लिहिते त्यामुळे भांडायच्या आधी वही काढली, आणि मैत्रिणी सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

आणि हो, जेआरडींचं नाव निघणारच. 1929 साली भारतातलं पहिलं लायसन्स काढलं, 1932 ला कराचीहून जुहूला टपाल घेऊन आले वगैरे. सगळं खरंय, पण ते टाटा होते आणि आपण सिंहगड रोडला टू बीएचकेत राहतो, एवढं शांतपणे सांगायचं आणि कॅल्क्युलेटर पुढे करायचा.

डीजीसीए म्हणजे विमानांचे नियम ठरवणारं सरकारी खातं, त्यांच्या नियमाप्रमाणे पीपीएलला कमीत कमी 40 तास उडावं लागतं. आता हा आकडा घरात कुणी बोलला की लगेच दुरुस्त करायचा, कारण नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकणाऱ्याचं 40 मध्ये क्वचित होतं, मध्ये गॅप पडतो, हात विसरतो, तेच धडे परत घ्यावे लागतात. तुम्ही 60 धरा. तासाचा रेट फ्लाइंग क्लबप्रमाणे (म्हणजे जिथे शिकायचं तिथला) आणि विमानाप्रमाणे बदलतो, तो लेखी मागवा, इथे हिशोबासाठी 15,000 पकडू. म्हणजे 40 तासांचे 6 लाख आणि 60 तासांचे 9 लाख, आणि भांडण नेमकं या मधल्या तीन लाखांवरून होतं, कारण घरात सांगितलेले असतात सहा. यात मेडिकल, ग्राउंड क्लास, परीक्षा, आरटीआर (रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स), पुस्तकं, हेडसेट काहीच धरलेलं नाही. हेडसेटवर तर वेगळं लक्ष ठेवा, चांगल्या कंपनीचा नॉइज कॅन्सलिंगवाला लाखाच्या घरात जातो, आणि तो सुरुवातीलाच लागतो असं तुम्हाला गळ्याची शपथ घेऊन सांगितलं जाईल. लागत नाही. क्लबचा वापरायचा, सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडणं, झाल्यावर बघू म्हणायचं.

रेट विचारताना तीन गोष्टी विचारा. जीएसटी धरून का वरून, इन्स्ट्रक्टरचे वेगळे का त्यातच, आणि तास कुठल्या मीटरवर मोजता. हे तिसरं कुणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी हॉब्सवर मोजतात, डॅशबोर्डवर एक छोटंसं मीटर असतं आणि शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे 6 मिनिटं. इंजिन सुरू झालं की हे फिरायला लागतं, विमान हवेत असो नाहीतर रनवेच्या तोंडाशी दुसऱ्याची वाट बघत उभं असो. आपल्या 15,000 च्या रेटने तो एक आकडा पुढे सरकला की दीड हजार गेले. मी दर महिन्याला लॉगबुक (उडालेल्या तासांची नोंदवही) आणि क्लबचं बिल शेजारी ठेवून टिक करते, नवरा हसतो, हसू दे.

आणि अख्खे पैसे आगाऊ भरू नका, प्लीज. "आत्ता भरलं तर डिस्काउंट" असं सगळीकडे सांगतात. आमच्या ओळखीतल्या एकाने एका ठिकाणी मोठी रक्कम भरली, नंतर विमान मेंटेनन्सला गेलं, मग पार्ट येईना, मग इन्स्ट्रक्टर दुसरीकडे गेला, आणि पैसे सुटता सुटेनात. दहा-दहा तासांचे ब्लॉक घ्यायचे आणि न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे लेखी घ्यायचं. क्लबांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कमर्शियल लायसन्सची मुलं, त्यांना 200 तास करायचे असतात, त्यामुळे हौशी माणसाला स्लॉट शेवटी मिळतो हेही धरून चाला.

आता खरं दुखणं. लोकांना वाटतं घरात भांडण पैशावरून होतं. माझं मत वेगळंय, पैसे निदान बँक स्टेटमेंटमध्ये दिसतात, रविवार कुठेच दिसत नाहीत. पुण्यातलं लोहगाव हवाई दलाचं, तिथे हौशी लोकांचं काम नाही, मग उरतं बारामती. घरापासून शंभरेक किलोमीटर, दिवे घाटातून सासवड-जेजुरी-मोरगाव करून जा नाहीतर सोलापूर रोडने पाटसवरून. सकाळी हवा शांत असते, ऊन चढलं की खालून गरम हवेचे धक्के बसतात, म्हणून शिकणाऱ्याला सकाळचाच स्लॉट हवा असतो. म्हणजे साडेचारला अलार्म (तुमचाही), पाचला गाडी, सातला तिथे, मग ब्रीफिंग, विमानाची तपासणी, फ्युएल, कधी धुकट हवेत समोरचं पाच किलोमीटरही दिसत नाही म्हणून थांबा, मग एक तास उडायचं, मग डीब्रीफिंग, मग मिसळ, आणि घरी यायला दोन वाजतात आणि आल्यावर झोप. एका तासासाठी अख्खा रविवार. पेट्रोल, टोल, नाश्ता मिळून दोनेक हजार वेगळे, ते कुणी धरतच नाही.

म्हणून वहीत दोन कॉलम करा, एक रुपयांचा, एक रविवारचा. आणि नियम असा की जेवढे रविवार एकाने उडण्यात घालवले तेवढे दुसऱ्याला मोकळे मिळाले पाहिजेत, पूर्ण मोकळे, म्हणजे मुलांचं, स्वयंपाकाचं, सासूबाईंच्या डॉक्टरचं सगळं त्या दिवशी उडणाऱ्याकडे. ती मोकळी व्यक्ती ट्रेकला जाईल नाहीतर लोळत पडेल, विचारायचं नाही. पैसे समसमान वाटणं प्रत्येक घरात जमणार नाही, दिवस वाटता येतात.

दिवाळीच्या आधी कालनिर्णय घेऊन बसा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ढग खाली आलेले असतात, उडणं फार होत नाही, म्हणजे सगळा जोर ऑक्टोबर ते मे, आणि नेमकी त्यातच दिवाळी, लग्नं, गॅदरिंग, मुलांच्या परीक्षा. ज्या तारखांना उडायचं नाही त्या आधी लाल करा, भाऊबीज, साखरपुडे, वार्षिक परीक्षेच्या आधीचे दोन वीकेंड, आणि उरलेल्यात स्लॉट शोधू दे. उलटं केलं की प्रत्येक वेळी तुम्ही व्हिलन ठरता. एक फायदाही आहे बरं का, उडायच्या आधी 12 तास दारू चालत नाही, त्यामुळे शनिवारच्या पार्टीतून गाडी चालवायला हक्काचा माणूस मिळतो.

पैसे कुठून काढायचे याचं साधं सूत्र, ज्या पैशावर दुसऱ्याचं नाव आहे त्याला हात लावायचा नाही. जॉइंट एफडी, मुलांचं शिक्षण, सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक हे सगळं बाजूला. पर्सनल लोन काढून तर अजिबात नाही. वेगळं सेव्हिंग अकाउंट उघडा, पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम तिकडे वळती करा, जेवढे साठतील तेवढेच तास. महिन्याला 20,000 टाकलेत तर आपल्या रेटने एक तास आणि थोडे सुटे, म्हणजे 60 तासांना पावणेचार वर्षं लागतील, असं महिन्याला एकच तास उडून शिकणं होतही नाही नीट. मग दीड-दोन वर्षं आधी साठवायचं आणि एका सीझनमध्ये सलग उडायचं, ते स्वस्तही पडतं. लायसन्स हातात आल्यावर खर्च थांबत नाही हेही आत्ताच बोलून घ्या. हात चालू ठेवायचा तर महिन्याला दोन तास तरी हवेत, म्हणजे वर्षाला 3,60,000. दरवर्षी.

इन्शुरन्सचं काम पहिल्या फ्लाइटच्या आधी करायचं आणि ते घरात बसणाऱ्याने स्वतः करायचं, उडणारा टाळाटाळ करतो. टर्म प्लॅनच्या फॉर्ममध्ये धोकादायक छंदांचा प्रश्न असतो, पॉलिसी जुनी असेल तर कंपनीला मेल टाकून विचारा की मी छोटं विमान शिकतोय, कव्हर चालू राहील का, आणि उत्तर मेलवरच घ्या, फोनवर नको. पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसीत तर बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असतं की विमानात तिकीट काढून बसलेला प्रवासी असाल तरच कव्हर. स्वतः चालवत असाल तर नाही. क्लबच्या विमानाचा विमा असतो त्यात शिकणाऱ्या माणसासाठी किती आहे तेही विचारा. हे सगळं विचारताना अभद्र बोलल्यासारखं वाटतं, वाटू दे.

आईवडिलांना सांगायचं का? सांगायचं. लपवलं तर कुणीतरी मावशी स्टेटस बघून फोन करतेच. पण "बाइकपेक्षा सेफ आहे" अशी थाप मारू नका, एअरलाइनच्या विमानाइतकं छोटं विमान सुरक्षित नसतं, हे खरं आहे आणि म्हाताऱ्या माणसांना थाप लगेच कळते. त्यापेक्षा इन्स्ट्रक्टर शेजारी असतो, त्याच्याकडेही कंट्रोल असतात, मेडिकल झालंय, हवा खराब असली की परत येतो, हे सांगा. आमच्या आई म्हणाल्या "एवढं शिकवलं ते यासाठी?" आणि मग आठवडाभर प्रत्येक शेजारणीला सांगत सुटल्या.

आता जे सांगतेय ते घरी थांबणाऱ्यांसाठी आहे, आणि बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. कधी येणार असं उडणाऱ्याला विचारायचं नाही. विमानातल्या लोकांत घरी पोचायच्या घाईचा आजार कुप्रसिद्ध आहे, पाच वाजता पाहुणे येणारेत, बायको चिडेल, म्हणून माणूस नको त्या हवेत निघतो. त्यामुळे आमच्याकडे ठरलंय, तो जाताना फक्त "निघालो" म्हणतो आणि उतरल्यावर "उतरलो" असा मेसेज टाकतो, वेळ देत नाही. हवा खराब म्हणून विमान दुसरीकडे ठेवून एसटीने आला तर टोमणा मारायचा नाही, लॉजचं बिल आलं तरी नाही. तसंच रात्री भांडण झालं असेल तर सकाळी उडायचं नाही. पायलट लोक निघण्याआधी स्वतःची तपासणी करतात, आजार, औषधं, ताण, दारू, थकवा, जेवण अशी, त्यात ताण म्हणजे घरचं भांडणही आलं. स्लॉटचे पैसे गेले तर गेले, दहा हजार असोत की पंधरा. मात्र याचा फायदा घेऊन कुणी शनिवारी रात्री मुद्दाम भांडण उकरून काढू नये, अशी एक केस मला माहितीये.

सुरू करण्याआधी थांबायच्या जागाही ठरवा. मेडिकल झालं की एकदा बसून बोलायचं, दहा तासांनंतर एकदा, पहिल्या सोलोनंतर एकदा. कित्येकांची हौस सोलोलाच फिटते, एकटा उडालो एवढंच हवं असतं, आणि तिथे थांबणं म्हणजे हरणं नाही हे घरच्यांनी आधीच बोलून दाखवलेलं बरं. त्याहून आधी स्वस्तातली चव घेऊन बघा. हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे, विंचने ओढून बिनइंजिनाचं विमान वर सोडतात, वेळा आणि चालू आहे का हे आधी फोन करून विचारा. कामशेतला पॅराग्लायडिंग आहे, लोणावळा लोकलने जाता येतं. किंवा घरी सिम्युलेटर आणि एक बरासा जॉयस्टिक. यातल्या कशाने भागलं तर देव पावला.

स्वतःचं विमान घ्यायचा विषय निघाला तर मी एकच प्रश्न विचारते, वर्षाला किती तास उडणार? पन्नासच्या आत असेल तर भाड्यानेच उडायचं, कारण हँगर, विमा, दरवर्षीची तपासणी हे विमान उभं असलं तरी भरावं लागतं, आणि इंजिन साधारण 2000 तासांनी पूर्ण उघडायचं असतं त्याचे पैसे पहिल्या तासापासून बाजूला टाकावे लागतात. चार मित्र मिळून घेऊ असंही निघतं. त्या चार मित्रांच्या बायकांना एकदा एकत्र बसवा, विषय बहुधा तिथेच संपतो.

लायसन्स आल्यावर पहिली फॅमिली राइड असते, तिचंही नीट ठरवा. लोकांना न्यायचं तर गेल्या 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले हवेत, ते लॉगबुकमध्ये स्वतः बघा. सकाळचीच वेळ घ्या, हलकं खाऊन जा, उलटीच्या पिशव्या पर्समध्ये ठेवा. सेस्ना 172 मध्ये सीट चार असतात पण टाकी फुल आणि चार मोठी माणसं हे सहसा वजनात बसत नाही, तेव्हा कोण जाणार यावरून रुसवेफुगवे होतात. आधीच सांगून टाका, पहिल्या फेरीत दोघं, दुसऱ्या फेरीत दोघं. आणि वजन प्रत्येकाने काट्यावर उभं राहून सांगायचं, अंदाजे नाही. आत्याबाईंनी सुद्धा.